मवाळ की जहाल?

थोरला भाऊ गेला आणि त्याची पोकळ अंगाची इलेक्ट्रिक गिटार माझ्याकडे आली. त्याच्या हातात ती कुजबुजायची; माझ्या हातात किंचाळते! जाणकार म्हणाले, "पिकअप बदला." म्हणजे एका वेटोळ्याचा पी-९० घ्यायचा, की सेथ लव्हर यांनी १९५५ साली योजलेला, दोन वेटोळ्यांनी घरघर मारणारा हंबकर? त्यातला चुंबक मवाळ अल्निको २, की जहाल अल्निको ५? आमची पत्रिका जुळवतानासुद्धा एवढा खल झाला नव्हता. शेवटी मवाळ हंबकर ठरला.

किंमत ऐकून सौ. म्हणाली, "आधी ते टोनचं बटण फिरवून पाहा ना! भावजी निम्म्यावर ठेवायचे."

फिरवलं. खोलीत क्षणभर दादाच येऊन बसला! फक्त, दादा इतका बेसूर वाजवत नसे.