जंगलातली कस्टम रूम

सूरजागड! नाव वाचल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय आलं? बातम्याच ना? लोहखनिज, ट्रक, नक्षलवादी आणि डिसेंबर २०१६ मध्ये जाळलेली ऐंशीच्या आसपास वाहनं. वीकेंडला कुठे जायचं या यादीत हे नाव कुणी टाकत नाही, मीही टाकत नाहीये, घाबरू नका. माझं तिथे जाण्याचं कारण जरा वेगळं होतं. मुंबईत गेमिंगला पब्लिक येतं, हे आपल्याला माहितीय. एप्रिल २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये ‘ईएसएल वन मुंबई’ झाली, तेव्हा ऑफिसला दांडी मारून डोटा टू बघायला गेलेले लोक माझ्याच ग्रुपमध्ये आहेत. पण ही लाट जाऊन जाऊन थांबते कुठे? म्हटलं, महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बघू.

टोक म्हणजे खरोखरच टोक. गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा जिल्हा झाला. या बाजूला यायचं तर बल्लारपूरला उतरायचं आणि पुढे रस्त्याने. आष्टी गेलं, आलापल्ली आली, की खिडकीच्या दोन्ही बाजूंना नुसते साग. आलापल्लीजवळचा ‘वैभव’ नावाचा जुन्या जंगलाचा तुकडा आता जैवविविधता वारसा स्थळ आहे, तिथे अर्धा तास थांबाच. तिथून एटापल्ली तीसेक किलोमीटर आणि मग हेडरीवरून सूरजागड. या रस्त्यावर तुम्ही एकटे नसता. पुढे ट्रक, मागे ट्रक, आणि कडेच्या झाडांच्या पानांवर लाल धुळीचा थर.

डोंगर दिसतो तेव्हा दोन गोष्टी एकदम दिसतात. एकीकडे खाण. ३४८ हेक्टरची लीज २००७ मधली, नियमित काम सुरू झालं ते २०२१ नंतर. दुसरीकडे ठाकूरदेव. माडिया लोकांचं हे दैवत इथल्याच डोंगरावर आहे आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सूरजागड इलाक्यातली सत्तरेक गावं यात्रेला जमतात. १८५८ मध्ये चांद्याला फाशी गेलेल्या बाबूराव शेडमाके यांचं नावही या भागात आदराने घेतलं जातं. ‘खाण चांगली की वाईट’ हा प्रश्न मी चहाच्या टपरीवर दोनदा विचारला. एकाने सांगितलं, भाऊ तिथे कामाला आहे. दुसऱ्याने सांगितलं, आमचा देव तिथे आहे. दोघे एकाच बाकावर बसले होते. २०२३ मध्ये जवळच्या तोडगट्ट्याला नव्या खाणींविरुद्ध महिनोन् महिने आंदोलन चाललं होतं, त्यामुळे या विषयावर इथे कुणी मोठ्याने बोलत नाही.

गेमबद्दल मात्र मोठ्याने बोलतात!

संध्याकाळी सातच्या सुमारास रस्त्यालगतच्या एका दुकानामागे पोरं जमायला लागली. दुकानामागेच का? ‘‘इथे दोन काड्या येते जी मॅडम, तिकडे एकच.’’ काड्या म्हणजे नेटवर्कच्या. गेम ‘फ्री फायर मॅक्स’. आपण शहरातले बीजीएमआयवाले नाक मुरडतो, पण हिशेब साधा आहे. सेकंडहँड फोन, कमी रॅम, पावसात अर्धमेलं होणारं नेट. बीजीएमआय अशा फोनवर उघडेपर्यंत इथे एक मॅच संपलेली असते.

आठवड्यातून एकदा ही पोरं ‘रूम लावतात’. म्हणजे कस्टम रूम. रूम कार्ड वापरून खासगी मॅच बनवायची, आयडी-पासवर्ड व्हॉट्सअॅपवर टाकायचा आणि आजूबाजूच्या गावांतली स्क्वाड्स चार-चारच्या टोळीने आत येतात. गट्ट्याची एक टीम, हेडरीची एक, एटापल्लीच्या तीन. बक्षीस? एक गावठी कोंबडा. जिंकणाऱ्या स्क्वाडने चौघांत वाटून घ्यायचा, शिजवण्याचा खर्च हरणाऱ्यांचा. टेनिस बॉल क्रिकेटच्या मैदानावरून उचललेली ही पद्धत आहे. पूर्वी प्रत्येकी वीस रुपये काढायचे, पण ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा आला आणि ‘पैशाचा गेम बंद’ एवढंच घराघरात पोचलं. खरं तर त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिलीय, बंदी आहे ती पैसे लावून खेळण्यावर. हे आईबापांना समजावण्यात पोरांचा महिना गेला. शेवटी पैसे बाद, कोंबडा कायम.

पण मी ज्याच्यासाठी थांबले तो खेळतच नव्हता. तो कॉमेंट्री करत होता.

वय वीसच्या आतबाहेर, दिवसा शिफ्टला जातो, नाव छापू नका म्हणाला. एका फोनवर तो प्रेक्षक म्हणून रूममध्ये शिरतो, स्क्रीन यूट्यूबवर लाइव्ह टाकतो आणि बोलत सुटतो. मोबाइलवरून लाइव्ह जायला चॅनलला किमान ५० सबस्क्रायबर लागतात. ते पन्नास जमवायला त्याने बाजाराच्या दिवशी लोकांचे फोन हातात घेऊन बटण दाबलं होतं! आता दोनशेच्या वर गेलेत म्हणे.

त्याचं बसण्याचं ठिकाणही बघण्यासारखं. दुकानापासून लांब, शाळेच्या मैदानाच्या पलीकडच्या कोपऱ्यात. मोठ्या स्पर्धांत ब्रॉडकास्ट काही मिनिटं उशिरा सोडतात, म्हणजे खेळणाऱ्याला स्ट्रीम बघून समोरची टीम कुठे लपलीय ते कळू नये. इथे अडचण वेगळीच. कॉमेंटेटर आणि निम्मे खेळाडू एकाच गावात! सुरुवातीच्या दिवसांत हा ओरडायचा ‘‘छतावर दोघं’’ आणि मागच्या भिंतीआडून खेळणारा छताकडे नेम धरायचा. भांडणं झाली. मग मैदानापलीकडे हकालपट्टी. सातशेवीसच्या पिक्चरला तीनेक एमबीपीएस अपलोड लागतो, त्या कोपऱ्यात तो क्वचितच मिळतो. त्यामुळे चित्र चौकटी-चौकटीत फुटतं आणि बघणारे खरं तर ऐकतात.

आणि ऐकावं असंच आहे. मुंबईत मी पगारी कॉमेंटेटर ऐकलेत. इंग्रजी-हिंदीत तेच तेच शब्द, आवाज वर, आवाज खाली. हा पोरगा हिंदीत सुरू करतो, मराठीत येतो आणि मॅच शेवटच्या दोन स्क्वाडवर आली की पूर्ण माडियात जातो. आकुंचन पावत जाणाऱ्या सेफ झोनसाठी तो माडियातला घर या अर्थाचा शब्द वापरतो. कुठला खेळाडू कुणाचा भाचा, कुणी मागच्या आठवड्यात मोहफुलं वेचायच्या नादात रूम चुकवली, सगळं त्यात येतं. मला माडिया येत नाही, शेजारचा पोरगा कानात अर्थ सांगत होता, तरी मी शेवटच्या मिनिटाला उभी राहिले होते. बघणारे किती? वीसच्या आत. पण त्यात पुण्याला कंपनीत कामाला गेलेले तिघं होते आणि चॅटमध्ये सर्वांत जास्त आरडाओरडा त्यांचाच.

भाषेचा हा मामला हलक्यात घेऊ नका. बाळ ज. पंडितांनी रेडिओवर मराठीत धावतं समालोचन केलं आणि क्रिकेट इंग्रजी न येणाऱ्या घरांत शिरलं. कोरियात २००० मध्ये गेमिंगसाठी स्वतंत्र टीव्ही चॅनल सुरू झालं, कोरियन कॉमेंटेटर स्टार झाले, आणि २००४ मध्ये बुसानच्या समुद्रकिनाऱ्यावर ‘स्टारक्राफ्ट’ची फायनल बघायला लाखाच्या घरात गर्दी लोटल्याचं सांगतात. आपल्याकडे २०२० च्या लॉकडाऊनमध्ये चेसबेस इंडियाचे सागर शहा आणि कॉमेडियन समय रैना स्ट्रीमवर बसले आणि ज्यांना घोडा कसा चालतो एवढंच माहीत होतं ते मध्यरात्री बुद्धिबळ बघायला लागले. जुलै २०२५ मध्ये नागपूरची दिव्या देशमुख महिला विश्वचषक जिंकली. ती स्ट्रीममुळे घडली नाही, उघड आहे. पण तो टायब्रेक ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये मोबाइलवर बघणारे माझे सहकारी? ते नक्कीच स्ट्रीमने घडवलेले!

आता एक गोष्ट, जी मला तिथे गेल्यावरच कळली. या रूमचा एक नियम आहे. फोनला इअरफोन, आणि ब्लूटूथ स्पीकर लावलाच तर त्यावर गेमचा आवाज पूर्ण बंद, फक्त कॉमेंट्री. मला वाटलं, गेम फुटू नये म्हणून. कॉमेंटेटरने मान हलवली. ‘‘तसं नाही जी. इकडच्या म्हाताऱ्यांना गोळीचा आवाज चालत नाही.’’ एवढंच बोलला. या रस्त्यावर गोळीच्या आवाजाला पोरं ‘हेडशॉट’ म्हणून ओरडत नव्हती, दारं बंद करत होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षलवाद्यांचा बडा नेता भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीतच शरण आला, जानेवारी २०२५ पासून अहेरीहून गर्देवाड्यापर्यंत एसटी जाते, दिवस बदलतायत. पण स्पीकरचा नियम कुणी बदललेला नाही. आयोजक मोठा असो की छोटा, प्रेक्षकाचा एवढा विचार मी शहरात पाहिला नाही.

पुढे काय? पोरांना बोर्ड बनवायचाय, जिल्ह्यातली पहिली लीग वगैरे स्वप्नं आहेत. गडचिरोली पोलीस कबड्डी-व्हॉलीबॉलच्या स्पर्धा भरवतात, तिथे माइक मिळाला तर लोकांना आवाज कळेल, असं कॉमेंटेटरला वाटतं. एक अडचण मात्र लगेचची आहे. त्याची शिफ्ट बदलतेय, पुढच्या महिन्यापासून रात्रीची. बदली कॉमेंटेटर तयार आहे, त्याच्याहून चपळ, माडिया त्याच्याहून पक्की. पण तो पंधराचा. जुलै २०२५ पासून यूट्यूबवर सोळा वर्षांखालच्यांना एकट्याने लाइव्ह जाता येत नाही, मोठं कुणीतरी स्ट्रीमवर सोबत दिसावं लागतं. मोठ्यांपैकी बसायला कोण तयार? दुकानदार! ‘‘मी नुसता बसतो, बोलणार नाही,’’ ही त्याची अट. चार महिने निभवायचे, मग पोरगा सोळाचा होतो.

तुम्हाला जायचं असेल तर पाऊस टाळा, हिवाळा उत्तम. आलापल्लीत किंवा एटापल्लीत मुक्काम धरा, दिवसाउजेडी प्रवास करा, फोटो काढण्याआधी विचारा. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात रूम लागत नाही. खेळाडू, प्रेक्षक, कॉमेंटेटर सगळे ठाकूरदेवाच्या यात्रेला असतात.