डोलकाठीखालचा संसार

समुद्रप्रवास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मोठे जहाज उभे राहते. परंतु छत्तीस फूट लांबीच्या शिडाच्या नौकेवर नवराबायकोने वर्षानुवर्षे संसार करावा, ही गोष्ट प्रत्यक्ष पाहिली नसती तर आम्हांस खरी वाटली नसती. एकदा मे महिन्याच्या आरंभी मेक्सिको देशात गेलो असता तो योग आला. आमच्या परिचयाचे एक दांपत्य तेथे असे राहते. नवरा मूळचा बारदेशचा. सारे आयुष्य मालवाहू जहाजांवर काढून निवृत्त झालेला. दहा दिवस आम्ही त्यांचे पाहुणे होतो.

त्यांची नौका ला पाझ बंदरात होती. ला पाझ म्हणजे शांती. १५३५ साली मे महिन्याच्या ३ तारखेस, पवित्र क्रुसाच्या सणादिवशी, एर्नान कोर्तेस हा स्पॅनिश सेनानी याच उपसागरात उतरला व त्याने या जागेस सांता क्रूझ हे नाव दिले. एका बाजूस निळे पाणी, दुसऱ्या बाजूस उघडेबोडके डोंगर आणि खांबासारखे उभे निवडुंग, असा हा प्रदेश आहे.

नौकेवरचा दिवस पाण्याच्या हिशेबाने सुरू होतो. टाकी दोनशे लिटरांची. म्हणून भांडी समुद्राच्या पाण्याने घासावयाची आणि शेवटी तांब्याभर गोड्या पाण्याने विसळावयाची. उन्हाळ्यात विहीर आटलेल्या गावच्या गृहिणीस हे सांगावयास नको! दिवे सूर्यप्रकाशावर भरलेल्या बॅटऱ्यांवर चालतात. सकाळी आठ वाजता बंदरातील नौका रेडिओवर एकत्र येतात. आधी कोणी संकटात आहे काय हे विचारतात. मग कोण आले, कोण निघाले, हवामान आणि भरती-ओहोटी. बाजारहाट करावयाचा तो छोट्या होडीने किनाऱ्यावर जाऊन. मक्याच्या टॉर्टिया, म्हणजे तेथील भाकऱ्याच, दुकानात किलोने विकत मिळतात.

केबिनमध्ये बाईंनी एक चित्र लावले होते. ते मेक्सिकोचे संत फिलिप यांचे. मनिलाहून मेक्सिकोस परतताना १५९६ साली त्यांचे गलबत वादळाने जपानच्या किनाऱ्यास लागले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांस क्रुसावर मरण आले. त्याच दिवशी, त्याच टेकडीवर, आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांनीही प्राण दिले. ते चित्र पाहून एवढ्या दूरच्या देशी आम्हांस घरच्यासारखे वाटले.

चौथ्या दिवशी आम्ही एस्पिरितू सांतो बेटाकडे निघालो. या बेटावर गाव नाही. दुपारी एका कोळ्याने आपली होडी जवळ आणली व दोन मासे दिले. पैसे घेईना, पिण्याचे पाणी मात्र आनंदाने घेतले.

संध्याकाळी नांगर टाकताना नवराबायकोचा खटका उडाला. पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट साखळी सोडावी, हा तेथील सर्वसाधारण नियम. बाई म्हणाल्या, "अहो, आणखी सोडा, रात्री वारा येईल." नवरा म्हणाला, "शेजारची नौका जवळ आहे, फिरलो तर तिच्यावर आदळू." दोघांचेही म्हणणे खरे होते, म्हणूनच भांडण वाढले. छत्तीस फुटांत रुसून जावयाचे तरी कोठे? जेवणे मुकाट्याने झाली. शेवटी बाई म्हणाल्या, "राग उद्या सकाळी. रात्री पाळी कुणाची ते आधी ठरवा."

त्या भागात उन्हाळ्याच्या सुमारास रात्री दक्षिणेकडून एक वारा सुटतो. त्यास कोरोमुएल म्हणतात. बेटाच्या पश्चिमेकडील खाड्यांत त्याच्या लाटा थेट शिरतात. दोन वाजता तो आला. पाळी बाईंची होती. नांगर घसरत आहे आणि मागचे खडक जवळ येत आहेत, हे त्यांनीच ओळखले व हाक मारली. नवऱ्याने इंजिन व सुकाणू सांभाळले. बाई नाळेवर जाऊन साखळी ओढू लागल्या. आम्ही हातात विजेरी धरून उभे! "मी सांगत होते" हे शब्द त्या घटकेस बाईंच्या तोंडून निघाले नाहीत. नांगर शेजाऱ्यापासून दूर, मोकळ्या जागी, भरपूर साखळी सोडून पुन्हा टाकला. मग तो घट्ट रुतला.

उजाडल्यावर नवरा म्हणाला, "तुझंच बरोबर होतं."

बाई म्हणाल्या, "चहा घ्या, निवतोय."

आम्ही पुष्कळ घरांतील तंटे ऐकले आहेत. घर मोठे असले की एक माणूस ओटीवर, दुसरे परसात, आणि अबोला महिनाभर टिकतो. त्या नौकेवर तशी सोय नव्हती. एकाने निजावयाचे ते दुसऱ्याच्या जागेपणावर विसंबून. मग राग रात्रभर पोसणार कसा? वाचकहो, आपली घरे जमिनीवर आहेत खरी, परंतु वारा तेथेही रात्रीच येतो.