कुणाची हरकत नाही ना?

मानसशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने जी चूक करायला नको, ती मी वर्षानुवर्षं केली. वर्गाचं काहीही ठरवायचं असलं की विचारायचो, "कुणाची हरकत नाही ना?" सगळे गप्प. ती शांतता मी होकार धरायचो.

एकदा टी.वाय.ची सहल ठरत होती. पुढाकार घेणारी चार-पाच मुलं घरची बरी. वर्गणीही त्यांनीच ठरवली. मी नेहमीचा प्रश्न टाकला. दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीचा हात खांद्यापर्यंत आला. तिने आजूबाजूला पाहिलं आणि तोच हात केसांवरून फिरवून खाली घेतला. मी हे पाहिलं, आणि तास संपत आला म्हणून पुढे गेलो. त्यानंतर ती वर्गात दिसेनाशी झाली. मैत्रिणीकडून कळलं, पैशांची सोय होत नव्हती आणि वर्गणीचं रोज कुणीतरी विचारायचं, म्हणून तिने येणंच सोडलं होतं.

लाज जास्त वाटली, कारण त्याच सत्रात मी सॉलोमन अ‍ॅशचा प्रयोग शिकवला होता. 1951 साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात अमेरिकेतली कॉलेजची मुलंच होती. काम सोपं: दिलेल्या रेषेइतकी लांब रेषा तीन रेषांतून ओळखायची. पण एक मुलगा सोडून बाकीचे सगळे अ‍ॅशने पढवलेले. ते एकमुखाने चुकीची रेषा सांगत, आणि तो एकटा मुलगा, डोळ्यांना स्वच्छ दिसत असूनही, सुमारे एक तृतीयांश वेळा त्यांच्यासारखंच उत्तर देई. एवढं मी रंगवून सांगायचो. पुढचा भाग मात्र परीक्षेपुरता उरकायचो: गटातल्या एकाने जरी बरोबर उत्तर दिलं तरी हे प्रमाण झपाट्याने उतरतं, आणि उत्तर सगळ्यांदेखत न सांगता कागदावर लिहायला दिलं तरीही उतरतं.

मग मी वर्गात कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. नाव घालू नका म्हटलं. निम्म्याहून अधिक मुलांना ती सहल परवडत नव्हती किंवा नको होती, आणि प्रत्येकाची समजूत एकच, की असे आपण एकटेच. पुढाकार घेणाऱ्यांतलाच एक जण नंतर स्टाफरूमबाहेर थांबला होता. "सर, मलाही नको होती. पण बाकीचे एवढे जोशात होते..."

सहल रद्द झाली. त्या मुलीला निरोप धाडून मी बोलावलं, माफी मागितली. ती पुन्हा यायला लागली, पण बुडालेले तास काही भरून निघाले नाहीत.

आता आधी चिठ्ठी, मग चर्चा. त्यातही एक अडचण ध्यानात आली. अंतर्गत गुण माझ्याच हातात. सर अक्षर ओळखतील ही धास्ती मुलांना असतेच. म्हणून चिठ्ठी छापील देतो, नुसती खूण करायची. आणि रक्कम ठरवण्याआधी ती वाटतो, नंतर नाही.