चित्रापुढचा वाटाड्या

पॅरिसमधील म्यूझे दॉर्से या संग्रहालयाच्या दृक्प्रत्ययवादी दालनांत एक दृश्य वारंवार दिसते. पंधरा-वीस माणसांचा जथा एखाद्या चित्रापाशी येऊन थांबतो. पण चित्राकडे पाहण्याआधी तो एका व्यक्तीच्या तोंडाकडे पाहतो. ती बोलू लागते, ती बोट दाखवील तिकडे नजरा वळतात, आणि ती पुढे सरकली की जथाही पुढे सरकतो. क्षणभर चित्रासमोर कोणीच नसते. मग दुसरा जथा येतो. या दृश्याची थट्टा करणे सोपे आहे. परंतु समीक्षाव्यवहाराचा एक मूलभूत प्रश्न त्यात दडलेला आहे. पाहण्याआधी ऐकलेला शब्द पाहण्याला साहाय्य करतो, की पाहण्याची जागाच बळकावतो?

'इम्प्रेशनिझम'साठी मराठीने स्वीकारलेल्या संज्ञेमुळे हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. मूळ फ्रेंच शब्दात ठसा उमटण्याची कल्पना आहे. ज्यावर ठसा उमटतो त्याने काही करावे लागते असे नाही. 'दृक्प्रत्ययवाद' या शब्दातील 'प्रत्यय' मात्र ज्याचा त्यालाच यावा लागतो. आपल्याकडील प्रमाणचर्चेत प्रत्यक्ष आणि शब्द ही प्रमाणे वेगळी मानली गेली, ती याच कारणाने. मराठी संज्ञा प्रेक्षकाला मूळ संज्ञेपेक्षा कडक अट घालते असे म्हणता येईल. या अटीच्या प्रकाशात पाहिले, तर संग्रहालयातील मार्गदर्शित फेरी म्हणजे शब्दाच्या द्वारे प्रत्यक्ष घडवून आणण्याचा एक धाडसी आणि काहीसा विसंगत उद्योग ठरतो.

पण या संप्रदायाला नाव मिळाले तेच मुळी अशा एका फेरीत. १८७४च्या एप्रिलमध्ये पॅरिसच्या बुलव्हार दे काप्युसीनवर, छायाचित्रकार नादारच्या पूर्वीच्या स्टुडिओत, मोने, पिसारो, देगा, रन्वार, सेझान आदींनी आपले स्वतंत्र प्रदर्शन भरविले. २५ एप्रिल रोजी 'ल शारिव्हारी' या विनोदी पत्रात लुई लर्वा याने त्यावर लेख लिहिला. त्याचे रूप नेहमीच्या परीक्षणाचे नाही. निवेदक आणि जोसेफ व्हॅंसाँ नावाचा एक मानसन्मान मिळविलेला वृद्ध निसर्गचित्रकार असे दोघे एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत चालत जातात. पिसारोच्या हिमकण पडलेल्या नांगरटीसमोर व्हॅंसाँ आपला चष्मा पुसतो. काचा मळल्या असाव्यात असे त्याला वाटते. मोनेच्या सूर्योदयाच्या चित्रापाशी 'इम्प्रेशन' या शब्दाची खिल्ली उडते. अखेरीस भ्रमिष्ट झालेला व्हॅंसाँ दालनातील पहारेकऱ्यालाच एखादे व्यक्तिचित्र समजून त्याची चिकित्सा करू लागतो.

लर्वाच्या उपहासातून आलेले हे नाव १८७७च्या प्रदर्शनात चित्रकारांनी स्वतःच धारण केले, हा इतिहास सर्वज्ञात आहे. त्याच्या लेखाच्या रूपबंधाकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. चित्रामागून चित्र, प्रत्येकापाशी एक शेरा, वाटेत एखादा किस्सा आणि शेवटी एकच निष्कर्ष हा आजच्या मार्गदर्शित फेरीचाही आराखडा आहे. पालटले आहे ते मूल्यविधान. तेव्हाचा निवेदक हसविण्यासाठी थांबत होता, आजचा मार्गदर्शक गौरवासाठी थांबतो. ज्या चित्रापुढे व्हॅंसाँने चष्मा पुसला ते पिसारोचे चित्र आज म्यूझे दॉर्सेच्याच संग्रहात आहे. ते थोर आहे हे आधीच ऐकून आलेल्या प्रेक्षकाला चष्मा पुसण्याची गरज वाटत नाही. विचार केला तर व्हॅंसाँने निदान काहीतरी पाहिले होते. हे आपल्या ओळखीचे पाहणे नव्हे, एवढे त्याच्या डोळ्यांना कळले होते. गौरवाच्या शब्दाने तो धक्काही नाहीसा होतो.

मार्गदर्शित फेरीचे साहित्यातील सर्वात निर्दय चित्रण दृक्प्रत्ययवाद्यांच्याच एका समर्थकाने केले आहे. एमिल झोलाच्या १८७७ साली ग्रंथरूपाने आलेल्या 'लासोम्वार' या कादंबरीत पावसामुळे खोळंबलेले एक गरीब लग्नाचे वऱ्हाड लूव्हर संग्रहालयात शिरते. मादिन्ये नावाचा गृहस्थ पूर्वी तेथे येऊन गेलेला असल्याने पुढारीपण घेतो. कलाकृतींपेक्षा वऱ्हाडाला तेथील आरशासारखी चकाकणारी लाकडी जमीन अधिक भावते, आणि शेवटी सगळे वाट चुकून दालनांतून भटकत राहतात. या प्रसंगात वाचक वऱ्हाडाला हसतो. परंतु १८७५ साली गुस्ताव कायबोत याने लाकडी जमीन तासणाऱ्या कामगारांचे जे चित्र रंगविले, ते सरकारी 'सलाँ'ने नाकारले होते. १८७६च्या दृक्प्रत्ययवादी प्रदर्शनात ते लागले, तेव्हा स्वतः झोलानेही कायबोतच्या काटेकोरपणाला कलाविरोधी ठरविले. वऱ्हाडाचे लक्ष ज्या जमिनीकडे गेले, तिच्यावर घाम गाळणारी माणसे हा चित्राचा विषय होऊ शकतो हे कायबोतला दिसले होते. मादिन्येच्या बोटाबाहेर पाहणारे ते अडाणी डोळे सर्वस्वी चुकत होते, असे मग म्हणवत नाही.

इथवरचा युक्तिवाद मार्गदर्शकाच्या विरोधात जातो. वाटाड्याला रजा द्यावी आणि डोळ्यांना मोकळे सोडावे, असा निष्कर्ष त्यातून कोणीही काढील. तो निष्कर्ष टिकत नाही, याचा पुरावा याच संग्रहालयातील एका चित्रात आहे.

एदुआर माने याने १८६३ साली रंगविलेले 'ओलिंपिया' १८६५च्या 'सलाँ'मध्ये लागले तेव्हा गदारोळ उसळला. पुढे मोनेने वर्गणी जमवून ते १८९०मध्ये फ्रेंच राष्ट्राला मिळवून दिले. शय्येवरील नग्न स्त्री, तिची थेट रोखलेली नजर, पायथ्याशी उभे असलेले काळे मांजर यांविषयी शतकभर अपार लिहिले गेले. पुष्पगुच्छ घेऊन उभी असलेली कृष्णवर्णीय स्त्री मात्र बहुतेक विवेचनांत पार्श्वभूमीचा भाग होऊन राहिली. वास्तविक चित्राचा मोठा भाग तिने व्यापला आहे. डोळ्यांना ती दिसत नव्हती असे कसे म्हणावे? तिचे नाव लोर होते. मानेने आपल्या टिपणवहीत ते पत्त्यासह नोंदवून ठेवले होते. अमेरिकी संशोधक डेनिस मरेल यांनी कृष्णवर्णीय मॉडेलांचा प्रश्न अभ्यासाच्या केंद्रस्थानी आणला, आणि २०१९ साली म्यूझे दॉर्सेमध्ये भरलेल्या प्रदर्शनात 'ओलिंपिया'ला त्या काळापुरते 'लोर' असे नाव देण्यात आले. शब्द आल्यावर ती दिसली. केवळ डोळ्यांवर भिस्त ठेवली असती, तर तिला आणखी किती काळ ताटकळावे लागले असते हे सांगता येत नाही. ज्याला आपण निर्मळ पाहणे म्हणतो, त्यात आधीच्या वाटाड्यांनी दाखविलेली आणि न दाखविलेली बोटे मुरलेली असतात.

म्हणजे 'दृक्' आणि 'प्रत्यय' यांच्यामध्ये शब्द असतोच; प्रश्न उरतो तो त्याने किती वेळ बोलावे हा. म्यूझे दॉर्सेची वास्तू १९०० साली व्हिक्तर लालूच्या आराखड्यानुसार रेल्वे स्थानक म्हणून उभी राहिली आणि १९८६मध्ये संग्रहालय झाली. तेथील भव्य घड्याळे अद्याप कायम आहेत आणि जथेही एका अर्थी वेळापत्रकानेच चालतात. तासा-दीड तासात अर्धशतक उरकायचे असते. याच संग्रहात मोनेने रंगविलेल्या रूआँच्या कॅथिड्रलची पाच चित्रे आहेत. १८९२ आणि १८९३ अशी दोन वर्षे तो त्या एकाच दर्शनी भिंतीसमोर पुनःपुन्हा बसला. उजेड पालटला की कॅनव्हास पालटी. अशी सुमारे तीस चित्रे झाली. एका भिंतीला पाहण्यासाठी चित्रकाराला जो काळ लागला, त्याची आठवण करून देऊन जो मार्गदर्शक दोन मिनिटे गप्प राहतो, त्याने आपले काम केले. अशा वेळी जथ्यात चुळबुळ होते. कोणी घड्याळाकडे पाहतो, आणि एखादा मात्र दुसऱ्या चित्राकडून पुन्हा पहिल्याकडे वळतो.

साहित्याच्या अध्यापकाला हे दृश्य अपरिचित नाही. कवितेचा तास सुरू होतो तेव्हा वर्गातील बहुतेकांनी कविता वाचलेली नसते. तिच्याविषयीची टिपणे मात्र वहीत उतरलेली असतात. कवीचा काळ, संप्रदाय, प्रतिमांची यादी हे सारे सांगून झाल्यावर तास संपल्याची घंटा होते आणि पुढची तुकडी दाराशी उभी असते. त्या अध्यापकाने न सांगितलेल्या ओळींत एखादी लोर उभी असण्याचा संभव आहे, आणि त्याने सांगितलेल्या ओळी वाचायच्या राहून जाण्याचाही. दोन्हींची जबाबदारी त्याच्याकडेच येते. फेरी संपल्यावर जथ्यातला एखादा माणूस दारातून माघारी फिरून एकटाच त्या चित्रापाशी गेला किंवा नाही, हे मार्गदर्शकाला सहसा कळत नाही; तोवर त्याचा पुढचा जथा आलेला असतो.