सांधलेल्या फांद्यांचे अरण्य: भोरगिरीहून भीमाशंकरकडे

पुणे जिल्ह्याच्या पश्चिम कडेला, सह्याद्रीच्या मुख्य धारेवर पसरलेले भीमाशंकरचे अरण्य महाराष्ट्राला दोन नात्यांनी परिचित आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक असलेल्या शिवस्थानामुळे ते भाविकांचे आहे आणि शेकरू या राज्यप्राण्याच्या वसतीमुळे ते निसर्गाच्या अभ्यासकांचेही आहे. १९८५ साली या वनाचे सुमारे १३१ चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित झाले असून ते पुणे, ठाणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांत विभागलेले आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य यांत भेद केलेला आहे: राष्ट्रीय उद्यानात स्थानिकांचे वहिवाटीचे हक्क संपुष्टात येतात, तर अभयारण्यात शिकार व वृक्षतोड यांवर बंदी असली तरी वस्ती, चराई, पायवाटा यांसारखे काही हक्क मर्यादांसह चालू राहू शकतात. त्यामुळे येथे वाड्या आहेत, भाताची खाचरे आहेत, देवळे आहेत आणि या सर्वांना वेढून असलेले जंगलही आहे. मंचर आणि घोडेगाववरून थेट मंदिरापर्यंत जाणाऱ्या डांबरी रस्त्याने प्रवासी काही तासांत पोहोचतो. परंतु हे वन कशाच्या आधारावर उभे आहे हे ज्याला पाहायचे असेल, त्याने राजगुरुनगरहून भीमा नदीच्या प्रवाहाविरुद्ध भोरगिरीपर्यंत जावे आणि तेथून पायवाटेने चढावे, हे अधिक इष्ट.

राजगुरुनगर सोडल्यावर वाट नदीची सोबत धरते. चासकमान धरणाचा जलाशय मागे पडतो, वाडा गाव येते, आणि आतापर्यंत दूर असलेले डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येऊ लागतात. फाल्गुनात या खोऱ्यात शेतीची कामे थंडावलेली असतात. खाचरांत भाताचे वाळलेले सड उभे असतात आणि उतारावरच्या नाचणी-वरईच्या तुकड्यांत राबासाठी गोळा केलेल्या पालापाचोळ्याचे ढीग दिसतात. राब म्हणजे रोपवाटिकेची जमीन पालापाचोळा व शेण यांच्या थरांनी भाजून घेण्याची रीत. ती जंगलावर अवलंबून असल्याने शेत आणि वन यांचा संबंध येथे दर वर्षी नव्याने जुळतो. पंढरपूरला चंद्रभागा म्हणून वारकऱ्यांना भेटणारी आणि सुमारे ८६० किलोमीटर वाहून रायचूरजवळ कृष्णेला मिळणारी भीमा या टप्प्यावर डोहांच्या माळेएवढी उरलेली असते. ज्या नदीच्या वाळवंटात लाखोंचा मेळा भरतो, ती येथे दगडांवर पाय ठेवत ओलांडता येते.

भोरगिरीत कोटेश्वराचे देऊळ आहे आणि वरच्या डोंगरात कातळात खोदलेली लेणी आहेत. गाव संपताच चढ सुरू होतो, आणि थोड्याच अंतरात वनाचा पोत बदलत असल्याचे लक्षात येते. खालच्या उतारांवर पानझडी वृक्ष अधिक असून या ऋतूत त्यांच्या फांद्या उघड्या पडलेल्या असतात, त्यामुळे पायाखाली पाने कुरकुरतात आणि ऊन थेट अंगावर येते. वर जावे तसे जांभूळ, पारजांभूळ, हिरडा, आंबा, पिसा, अंजनी अशी झाडे दाट होत जातात. पायांखालचा आवाज मऊ पडतो, ऊन ठिपक्याठिपक्यांनी खाली उतरते आणि हवेतला गारवा स्पष्ट जाणवतो. अशा वनाला निमसदाहरित वन म्हणतात, म्हणजे ज्यात वर्षभर हिरवी राहणारी झाडे प्रमुख असतात, पण पानझडी झाडेही मिसळलेली असतात. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळ्याच्या चार महिन्यांत प्रचंड पाऊस कोसळतो आणि उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. या दोन टोकांना तोंड देण्यासाठी येथील सदाहरित झाडांची पाने जाड आणि चिवट झालेली असून त्यांचे शेंडे एकमेकांत गुंतून जमिनीवर सावलीचे अखंड छत धरतात. या छताखालची माती उन्हाळ्यातही पूर्णपणे सुकत नाही, आणि तिच्यात मुरलेले पाणी झऱ्यांच्या रूपाने हळूहळू बाहेर पडत राहते.

अंजनी हा या वनाचा कणा मानावा लागेल. उत्तर सह्याद्रीच्या माथ्यावरील जंगलांचे वर्णन करताना वनस्पतिशास्त्रज्ञ अंजनी, जांभूळ आणि पिसा ही तीन नावे एकत्र घेतात, कारण या वृक्षांचा सहवास येथे वारंवार आढळतो. अंजनीचे खोड फार जाड होत नाही, पण लाकूड लोखंडासारखे कठीण असते. एरवी सहज नजरेआड होणारे हे झाड फाल्गुन-चैत्रात बहरते तेव्हा वाटसरूला थांबावेच लागते: फुले फांदीच्या टोकाला न येता जुन्या, काळपट काटक्यांना थेट चिकटून येतात, गुच्छागुच्छांनी, निळ्या-जांभळ्या रंगाची, मोहरीच्या दाण्याहून थोडी मोठी, आणि जवळून पाहिल्यास प्रत्येक फुलातून बाहेर डोकावणारे बारीक पुंकेसर दिसतात. बहर ओसरू लागला की झाडाखालची वाट निळसर होते. झाडांच्या तळाशी, उतारांना धरून कारवीचे रान असते. कारवी सात-आठ वर्षांतून एकदा सामुदायिकपणे फुलते, बी धरते आणि मरते. तिच्या सरळ काठ्या शेणमातीने लिंपून येथील घरांच्या कुडाच्या भिंती पिढ्यान्पिढ्या उभ्या राहिल्या आहेत. सह्याद्रीच्या अशाच वनांत वाढणारा नरक्या हा लहान वृक्ष मात्र मनुष्याच्या गरजेमुळे संकटात सापडला. त्याच्यातील कॅम्प्टोथेसिन या द्रव्यापासून कर्करोगावरील औषधे तयार होतात हे कळल्यावर अनेक ठिकाणी त्याची चोरटी तोड झाली. वनस्पती दुर्मीळ होण्यास तिचा गुणच कारणीभूत ठरावा, ही गोष्ट संरक्षित वनाची आवश्यकता पुरेशी स्पष्ट करते.

वाट दाट छताखाली शिरल्यावर शेकरूची चाहूल प्रथम कानाला लागते. वरून खडखडाटासारखा, तुटक, जोरकस आवाज येतो. मग एखाद्या फळाचे कुरतडलेले साल पाचोळ्यावर पडते, आणि त्या रेषेत नजर वर नेली की आडव्या फांदीवर मागच्या पायांनी स्वतःला रोवून बसलेले शेकरू दिसते. पाठीवर गडद तांबूस-तपकिरी, पोटाशी पिवळसर, आणि शरीरापेक्षा लांब असलेली झुपकेदार शेपटी फांदीच्या पलीकडे खाली सोडलेली; पुढच्या दोन्ही पंजांत फळ धरून ते फिरवत फिरवत सोलण्याची त्याची रीत इतकी तन्मय असते की खालच्या माणसाचे अस्तित्व त्याला काही क्षण जाणवत नाही. जाणवताच ते उडी घेते, आणि ती उडी सहा मीटरपर्यंतची असू शकते. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत जवळजवळ एक मीटर लांब आणि सुमारे दोन किलो वजनाचा हा प्राणी उडीच्या ओझ्याने वाकलेल्या फांदीवरून न थांबता पुढच्या झाडावर जातो. पातळ फांद्यांच्या टोकाला, जेथे जड शिकारी प्राणी पोहोचू शकत नाही अशा जागी, ते काटक्या आणि पानांचे मोठे गोलसर घरटे बांधते, आणि एकच शेकरू अशी अनेक घरटी वापरते.

शेकरू भारताच्या इतर वनांतही आहे. परंतु सह्याद्रीच्या या भागातील उपप्रजातीचे वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३१ साली केले आणि मुंबईचे गव्हर्नर राहिलेल्या एल्फिन्स्टन यांचे नाव तिला दिले. १९८०च्या दशकात रेनी बोर्जेस यांनी भीमाशंकरच्या वनातच शेकरूच्या आहाराचा सूक्ष्म अभ्यास केला. फळे, बिया, फुले, पाने, साल असा हा आहार ऋतूप्रमाणे पालटत असल्याने शेकरूला एकाच जातीच्या झाडांची लागवड उपयोगी पडत नाही, तर निरनिराळ्या वेळी फुलणारी-फळणारी मिश्र झाडी लागते. त्याहून महत्त्वाची अट अशी की हा प्राणी जमिनीवर क्वचितच उतरतो; त्याचे रस्ते झाडांच्या शेंड्यांतून जातात. दोन झाडांच्या फांद्यांत उडीपेक्षा मोठे अंतर पडले की शेकरूच्या दृष्टीने तेथे जंगल संपते. नकाशावर अभयारण्याची सीमा अखंड दिसत असली, तरी छत तुटलेले असेल तर आतले प्राणी लहान लहान बेटांवर अडकल्यासारखे होतात.

हे छत कायद्याच्या आधीपासून कोणी राखले, याचे उत्तर गुप्त भीमाशंकराजवळ मिळते. भीमा उगमापाशी लुप्त होऊन येथे पुन्हा प्रकट होते अशी श्रद्धा आहे. झाडांच्या दाट कोंडाळ्यात, पाण्याच्या धारेशेजारी शिवलिंग आहे. सह्याद्रीत देवाच्या नावाने सोडलेल्या अशा वनाला देवराई म्हणतात. भीमाशंकरच्या परिसरात आहुपे आणि इतर अनेक गावांच्या देवराया आहेत, आणि महादेव कोळी समाजाने त्या सांभाळल्या आहेत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास करून, या लहान तुकड्यांत आसपास नाहीशा झालेल्या वनस्पती टिकून असल्याचे दाखवून दिले. अनेक देवरायांचा नियम केवळ झाड तोडू नये एवढाच नसून, पडलेली काटकीही उचलू नये असा आहे. वनाशी असलेले हे नाते निव्वळ मनाईचे मात्र नाही: देवराईबाहेरच्या हिरड्यांची कोवळी फळे, म्हणजे बाळहिरडा, उन्हाळ्याच्या तोंडाशी गोळा करून, वाळवून विकणे हा आंबेगाव-जुन्नरच्या आदिवासी कुटुंबांच्या रोख उत्पन्नाचा मोठा आधार आहे, आणि फळ विकता येते म्हणूनच हिरड्याचे झाड उभे राहते.

पडलेले लाकूड न उचलण्याच्या नियमाचे एक फळ पावसाळ्यात डोळ्यांना दिसते. मृगाच्या पावसानंतर, भिजलेल्या अंधाऱ्या रात्री, कुजत्या फांद्या आणि पाचोळा काही ठिकाणी हिरवट मंद प्रकाशाने उजळतात. हा प्रकाश लाकूड कुजवणाऱ्या बुरशीचा असतो. तिच्या पेशींतील ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याचा प्राणवायूशी संयोग होताना ऊर्जा उष्णतेऐवजी प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. मेलेले झाड जागीच राहिले तरच ही बुरशी जगते, बुरशीमुळे लाकडाची माती होते आणि त्या मातीत पुढचे झाड रुजते. सरपणासाठी लाकूड उचलून नेलेल्या जंगलात हा उजेड दिसत नाही, आणि प्रकाश पाहण्यासाठी आलेल्या गर्दीच्या पायांखाली पाचोळा तुडवला गेला तरीही तो मावळतो.

साक्षी विनायकाच्या देवळावरून पुढे मंदिराशी पोहोचल्यावर दृश्य पालटते. नागर शैलीच्या या मंदिराचे शिखर नाना फडणवीसांच्या काळातील असून आवारातील मोठी घंटा १७३९च्या वसई-विजयानंतर चिमाजी अप्पांनी अर्पण केलेली आहे. महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी येथे अफाट गर्दी होते. भाविकांचा येथे येण्याचा अधिकार वादातीत आहे, कारण हे वन देवाच्या नावानेच टिकले; पण वाहनतळ, रुंद होणारा रस्ता, दुकानांच्या रांगा आणि प्लॅस्टिकचा कचरा यांचा भार त्याच वनावर पडतो. देवराईचा नियम गाभाऱ्यापुरता कधीच नव्हता, तो झाडाच्या काटकीपर्यंत पोहोचत होता. दर्शनाला येणाऱ्याने तो नियम पुन्हा आपला मानणे ही या क्षेत्राची खरी सेवा होय.

नागफणीच्या टोकावरून पश्चिमेला कोकण एकदम खाली कोसळलेले दिसते आणि खांडसकडून शिडी घाट व गणेश घाट चढून येणाऱ्या वाटा झाडीत हरवतात. या धारेच्या एका उतारावर पडलेला पाऊस काही तासांत अरबी समुद्राच्या दिशेने निघतो, आणि दुसऱ्या उतारावरचा मुळांत मुरून, झऱ्यांतून झिरपत, पंढरपूरमार्गे बंगालच्या उपसागरापर्यंत जातो. परतीचा प्रवास डांबरी रस्त्याने केला तर एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. काही वळणांवर दोन्ही बाजूंची झाडे रस्त्याच्या वर एकमेकांना टेकलेली असतात, आणि काही ठिकाणी मध्ये आकाशाची रुंद पट्टी उघडी असते. पहिल्या ठिकाणी शेकरू पलीकडे जाऊ शकते, दुसऱ्या ठिकाणी नाही. अभयारण्य किती उरले आहे याचे मोजमाप मान वर करून असेही घेता येते.