उलट शब्द

शाळेत ‘विरुद्धार्थी शब्द लिहा’ हा प्रश्न मला फार आवडे. पाच मार्क अगदी हुकमी! उजेड-अंधार, गोड-कडू, शहाणा-वेडा. प्रत्येक शब्दाला परमेश्वराने एकेक जोडीदार नेमून दिला आहे, अशी तेव्हा माझी समजूत होती. पुढे मराठीचा प्राध्यापक झालो आणि भाषेचा संसार इतका सरळ नसतो, हे ध्यानात आले.

मध्यंतरी माझ्या मुलीने विचारले, “बाबा, ‘डिस्टर्बिंग’च्या उलट काय?” वडिलांचा विषय मराठी असला तर इंग्रजीच्या अडचणी दुसऱ्या कोणाकडे न्याव्यात, हा शिष्टाचार आमच्या घरात पाळत नाहीत. मी म्हणालो, “सूदिंग.” ती म्हणाली, “आणि कम्फर्टिंग? कामिंग? रिअॅशुअरिंग?” सगळेच बरोबर! बेचैन करणारा शब्द एक आणि त्याच्यासमोर उभे राहणारे इतके. हा काय प्रकार आहे, म्हणून मी कोश काढून बसलो.

परस्परविरोधी कल्पनांचे शब्द शेजारशेजारच्या रकान्यांत मांडण्याची युक्ती पीटर मार्क रोजे याने आपल्या प्रसिद्ध थिसॉरसमध्ये केली. तो ग्रंथ 1852 साली निघाला. हा रोजे पेशाने डॉक्टर होता, हे कळल्यावर मला मोठी गंमत वाटली. कारण ‘डिस्टर्बिंग’च्या उलट जे शब्द आहेत, ते जोडीदार नव्हेतच; ती एकाच दुखण्यावरची निरनिराळी औषधे आहेत.

दुखणे कोणते, तेही त्या शब्दातच सांगितले आहे. ‘डिस्टर्ब’च्या पोटात लॅटिनमधला ‘तुर्बा’ हा शब्द दडला आहे. त्याचा अर्थ गर्दी, गोंधळ. मनात गर्दी उसळली की माणूस डिस्टर्ब होतो. आता ही गर्दी हटवायची कशी? ‘कम्फर्ट’मध्ये ‘फोर्तिस’ म्हणजे बळकट हा शब्द आहे. तेव्हा कम्फर्ट म्हणजे मुळात गादी-उशी नव्हे, तर अंगात बळ आणणे. आपण ज्याला धीर देणे म्हणतो ते हेच. ‘रिअॅशुअर’मध्ये ‘सेक्युरुस’ आहे, म्हणजे काळजीविना असलेला. आपला ‘निश्चिंत’ नेमका याच घडणीचा. ‘काम’ हा शब्द ग्रीकमधल्या उन्हाच्या तलखीच्या शब्दावरून आला असावा, असे कोशकार मानतात. टळटळीत दुपारी सारे व्यवहार थांबतात, ती शांतता. आपल्याकडे मूळ संस्कृत ‘आश्वासना’त श्वास आहे, अडकलेला श्वास मोकळा करणे म्हणजे आश्वासन. निवडणुकीच्या दिवसांत या शब्दाचे जे झाले, त्याला कोशकार बिचारा काय करणार! आणि ‘दिलासा’ फारसीतून आला तो थेट हृदयाचा हात धरूनच.

पण मी अडखळलो तो ‘सूद’पाशी. हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या ‘सूथ’चा, म्हणजे सत्याचा वंशज. आपल्या ‘सत्’शी त्याचे दूरचे पण खरे रक्ताचे नाते आहे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एका मुळातून फुटल्या असाव्यात, असे सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याला 1786 साली सांगितले. इंग्रजीही त्याच कुळातली. तर या ‘सूद’चा पहिला अर्थ होता ‘खरे करून दाखवणे’. सोळाव्या शतकात तो ‘होय होय म्हणून दुसऱ्याचे मन राखणे’ असा झाला आणि सतराव्याच्या अखेरीस ‘शांत करणे’ या अर्थावर येऊन तो स्थिरावला. सत्यापासून होयबापर्यंत आणि तिथून सांत्वनापर्यंत!

हे वाचताना मला अण्णांच्या, माझ्या वडिलांच्या, आजारपणातली एक रात्र आठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे मोठे ऑपरेशन होते. संध्याकाळपासून माणसांची रीघ लागली होती. “अण्णा, काही होत नाही!” “अहो, हल्ली हे मामुली झालंय!” कोणी “रिलॅक्स!” म्हणून त्यांचा खांदाही थोपटला. सगळे प्रेमाची माणसे. अण्णा प्रत्येकाला मान डोलावून “हो, हो” म्हणत होते. जणू धीर त्यांनाच द्यायचा होता, आलेल्यांना! मात्र पांघरुणाची कड त्यांच्या मुठीतून सुटत नव्हती.

नऊच्या सुमारास आत्या आली, अण्णांची धाकटी बहीण. स्टूल ओढून जवळ बसली. अण्णांनी तिला हळूच विचारले, “कमल, बरा होईन का गं मी?” मी घाबरून तिच्याकडे पाहिले. आत्या म्हणाली, “ते मला कसं कळणार, दादा? डॉक्टर म्हणाले, आशा आहे, पण अवघड आहे. सकाळी सातला नेतील. आधी भूल देतील, तेव्हा कळायचं नाही काही. नंतर दुखेल. मी इथंच आहे. रात्रभर.”

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “दिवा बारीक कर.” आणि थोड्या वेळाने त्यांना झोप लागली. पांघरूण मुठीतून सुटलेले मी पाहिले.

अण्णा त्यानंतर वर्षभर आमच्यात होते. आत्याने सांगितलेले सगळे खरे झाले. दुखायचे ते दुखलेही. पण त्या रात्रीबद्दल ते पुढे अनेकदा बोलत, आणि दर वेळी नाव आत्याचेच काढत. बाकीच्यांचे त्यांना काही आठवत नसे, माझेही नाही.

खरे बोलून प्रत्येकाला शांत करता येईल, असे मी म्हणणार नाही. तेच शब्द दारातूनच ऐकवून कोणी निघून गेले असते, तर अण्णांची रात्र डोळ्यांवरून गेली असती. आत्याच्या सत्याला स्टुलावर बसून राहण्याची जोड होती. ‘अवघड आहे’ आणि ‘मी इथंच आहे’, ही दोन वाक्ये तिने एकमेकांपासून तोडली नाहीत. आत्या इंग्रजी शिकलेली नाही. तरी ‘सूद’चा पहिला अर्थ आणि शेवटचा अर्थ एकाच जागी नांदताना मी पाहिला, तो तिच्यापाशी.