निब कुणासाठी?

‘निब बदलून द्या’ म्हणत माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांची निब बदलण्याजोगी झालेलीच नसते. टोपण उघडं असताना पेन पडलेलं असतं, दोन पात्यांपैकी एक वर उचललं गेलेलं असतं, नाहीतर चिरेत कधीची शाई खडखडीत वाळलेली असते. रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, पाती नखाने दाबत एका पातळीवर आणली की पेन चालू लागतं. बदलायची वेळ येते ती टोकाचा कण गेल्यावर. चांगल्या जुन्या निबचं अंग 14 कॅरेट सोन्याचं, म्हणजे शंभर भागांत साडेअठ्ठावन्न भाग सोनं. शाईतल्या आम्लाला ते दाद देत नाही, पण कागदावर घासायला फार मऊ. म्हणून टोकाला ऑस्मियम, इरिडियम, रुथेनियम यांसारख्या कठीण धातूंचा बारीक कण जोडलेला असतो. तो झिजून संपला किंवा उडाला की कागद खरवडला जातो, आणि मग निबचा शोध सुरू होतो.

शोध किती लांबणार, हे पेनवर ठरतं. अमेरिकेतल्या एस्टरब्रुकची निब शाई पुरवणाऱ्या जिभेसकट आट्यावर बसते. जुनी फिरवून काढायची, नवी फिरवून बसवायची. निबवरच चार आकडी नंबर असतो: 2668 म्हणजे मध्यम, 1555 म्हणजे ग्रेग शॉर्टहँड लिहिणाऱ्यांसाठीची. नंबर कळला की अर्धं काम झालं.

पार्कर 51 चं तसं नाही, आणि माझ्याकडे जास्त येतं ते हेच. हे पेन 1941 साली बाजारात आलं ते झटपट वाळणाऱ्या शाईसाठी. अशी शाई उघड्या निबवरही वाळली असती, म्हणून निब झाकणाखाली लपवली आणि टोक तेवढं बाहेर ठेवलं. निब नळीसारखी गोल, आत जीभ, दोघींभोवती बारीक खाचांचा कलेक्टर. जादा आलेली शाई त्या खाचांत थोपून राहते. वरचं ते झाकण, म्हणजे हूड, लाखेने चिकटवलेलं. लाख सैल करायला कोरडी ऊब द्यावी लागते, तीही बोटाला सोसेल एवढीच. जास्त झाली की अ‍ॅक्रिलिकचं हूड वाकडं झालंच म्हणून समजा. मी थोडं तापवतो, पिळून बघतो, हललं नाही तर पुन्हा तापवतो. जोर लावत नाही.

सुटी निब मिळाली तर नशीब. एरवी दुसरं पेनच हुडकावं लागतं. गिऱ्हाईक कधी आशेने हिरो 616 घेऊन येतं, कारण बाहेरून ते 51 चंच भावंड दिसतं. हुडाखालचा सगळा संसार वेगळा, ती निब यात बसत नाही. 1950 च्या सुमाराच्या 51 स्पेशलची ऑक्टेनियम नावाच्या पोलादी मिश्रधातूची निब मात्र बसते आणि लिहितेही छान. पण ‘पोलादी’ म्हटलं की लोकांचा चेहरा पडतो. जुन्या बाजारात बॅरल तडकलेली, टोपण हरवलेली पेनं मिळतात. त्यांतलं एखादं मोडताना मला अजून जड जातं, कारण अंगावर बऱ्याचदा कुणाचं तरी नाव कोरलेलं असतं. माझा नियम एवढाच: जे पेन पुन्हा लिहितं होऊ शकतं, ते मोडायचं नाही.

निब हाती आली की गिऱ्हाइकाला एक गोष्ट आणायला सांगतो: त्याच पेनने लिहिलेली जुनी वही. मध्यंतरी एक बाई वडिलांची हिशेबाची वही घेऊन आल्या. भिंगाखाली धरली तर उभ्या रेघा जाड, आडव्या बारीक, आणि काना खाली येताना किंचित उजवीकडे सरकलेला. मग झिजलेली निब पाहिली. टोकाच्या डाव्या अंगाला एक सपाट तळ तयार झाला होता. वडील पेन थोडं कलतं धरत होते, आणि वर्षानुवर्षं त्याच कलाने घासून त्यांनी आपल्या हाताची निब घडवली होती. अशी निब कुठल्याच डबीत मिळत नाही. फार तर नव्या टोकाला बारीक पॉलिश कागदावर तसा तळ देता येतो.

बाई म्हणाल्या, “काका, अगदी बाबांच्यासारखं लिहायला हवं.”

मी म्हटलं, “लिहिणार कोण? तुम्हीच ना? मग दोन ओळी लिहून दाखवा.”

त्यांनी लिहिलं. पेन जवळजवळ उभं, हात हलका. वडिलांचा तळ दिला असता तर त्या धरतात त्या कोनात कण कागदाला नीट टेकलाच नसता. शाई तुटत राहिली असती, आणि महिन्याभरात पेन पुन्हा कपाटात गेलं असतं. मी टोक गोलसर ठेवलं आणि जुनी निब पुडीत बांधून त्यांच्या हाती दिली.

संग्राहकांना हे पटत नाही. ज्या काळाचं पेन, त्याच काळाची निब, टोकाला हात न लावलेली, असा त्यांचा आग्रह असतो, आणि काचेच्या कपाटात ठेवायच्या पेनासाठी तो रास्तच आहे. माझं गिऱ्हाईक मात्र लिहिणारं असतं. त्याच्यासाठी निब शोधायची तर नंबर, शिक्का, कॅरेट हे सगळं बघावं, पण नंतर. आधी पेन धरलेला हात बघावा.